माझा एक मित्र आहे, सर

'तरुण पुरुषांचे मानसिक आरोग्य' या विषयावर पुण्यात कार्यशाळा जाहीर करून पाहा. संयोजक, वक्ते आणि वक्त्यांना आणायला गेलेला ड्रायव्हर एवढीच माणसं सभागृहात दिसतील. तीच जागा, तीच वेळ ठेवून 'नाट्य कार्यशाळा, नवोदितांना संधी, चहा-नाश्त्याची सोय' असा फलक लावा. चपला ठेवायला जागा पुरत नाही. या विषयावर मुलांकडून नाटक बसवून घ्यायचं काम मला देणाऱ्या संस्थेला एवढा व्यवहार कळत होता. त्यांनी फलकावर 'नाटक' हा शब्द रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढा छापला आणि 'मानसिक आरोग्य' हे शब्द सिगारेटच्या पाकिटावर पूर्वी वैधानिक इशारा असायचा, तेवढे.

नाटक असं करायचं होतं, की आधी संहिता नाही. मुलांनी तालमीत यायचं, स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी करून दाखवायचं, त्यातून प्रसंग सुचायचे, आणि ते जोडून दिग्दर्शकाने नाटक उभं करायचं. हल्ली याला 'डिव्हाइज्ड थिएटर' म्हणतात. संहिता नाही हे ऐकून संस्थेचे खजिनदार इतके खूश झाले, की मी दचकलो. "म्हणजे लेखकाचं मानधन वाचलं!" असं म्हणून त्यांनी वहीत एक ओळ खोडलीसुद्धा. कार्यवाहांना मात्र दुसरीच काळजी. महाराष्ट्रात नाटक करायचं तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आधी द्यावी लागते. मुलांच्या मनात काय आहे हे मुलांनाही अजून ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला त्याच्या टंकलिखित प्रती सरकारजमा करायच्या होत्या.

"पण पुरुषांनाच का?" हा प्रश्नही खजिनदारांचाच. "बायकांना काय कमी त्रास आहे?" प्रश्न चुकीचा नव्हता. प्रकल्पाला जोडून दिलेल्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी शांतपणे सांगितलं, की त्रास कुणाचाच कमी नाही. पण २०२२ साली देशात ज्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात शंभरातले जवळपास ७२ पुरुष होते, आणि राज्यांच्या यादीत २२,७४६ हा आकडा घेऊन महाराष्ट्र सगळ्यात वर होता. खजिनदारांनी काही न बोलता चहाची रक्कम वाढवली. या गृहस्थांबद्दल मला तेव्हापासून आदर आहे, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे तसं वाटणार नाही.

मुलं बहुतेक पेठांमधल्या अभ्यासिकांतली होती. लातूर, जत, माण, पुसद अशा ठिकाणांहून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा खाणारी, आणि 'यंदा होणारच' या एका वाक्यावर वर्षं काढणारी. वय विचारू नये. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गातला माणूस ३८व्या वर्षापर्यंत उमेदवार राहू शकतो, म्हणजे सरकारच्या लेखी तोवर तरुणच. त्यांची खरी नावं मी सांगणार नाही. त्यांनीही ती एकमेकांना सांगितली नव्हती. एक होता सरपंच, कारण चुलता सरपंच होता. एक पैलवान, ज्याने लाल माती आठवीत सोडली होती. आणि एक पॉइंट फाइव्ह. हा पूर्वपरीक्षेत अर्ध्या गुणाने राहिला होता, आणि मित्रांनी ते दुःख हलकं व्हावं म्हणून त्याला रोज त्याच नावाने हाक मारायचं ठरवलं होतं.

पहिल्याच बैठकीत मॅडमनी विचारलं, "मानसिक आरोग्याबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" अशा प्रश्नाला शांतता पसरते असा माझा समज. इथे हात वर झाले.

"जागतिक मानसिक आरोग्य दिन, १० ऑक्टोबर, मॅडम."

"मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७."

"लागू २९ मे २०१८ पासून," पॉइंट फाइव्हने दुरुस्ती केली. "कलम ११५ महत्त्वाचं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरतात. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे."

"टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६. सुरुवात १० ऑक्टोबर २०२२. सर, दिन आणि योजना एकाच तारखेला आहेत, तिथे फसवतात."

मॅडम थक्क. त्यांच्या शिकाऊ डॉक्टरांनाही एवढं पाठ नसतं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "या नंबरवर कधी कुणी फोन केलाय?"

"फोन कशाला मॅडम? पाठ आहे की."

त्यानंतर गोल करून बसणं झालं. अशा कार्यशाळांत गोल करून बसल्याशिवाय मन मोकळं होत नाही, अशी जगभर समजूत आहे. 'आज कसं वाटतंय?' या प्रश्नावर गोलातून आलेली उत्तरं: ओके. निवांत. नॉर्मल. एकदम ओके. 'जेवण झालंय सर.' शेवटचं उत्तर पैलवानाचं, आणि मला विचाराल तर त्या दिवसातलं सर्वांत प्रामाणिक तेच. एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभं राहण्याचा व्यायाम दिला, तर निम्मी मुलं हसून खाली बसली आणि उरलेली कुस्तीच्या पवित्र्यात गेली.

मुलं बोलायला लागली ती लेव्हल उचलताना. नाटकवाल्यांना लेव्हल माहीत असते: लाकडी चौथरा, सहा बाय तीन, एका कोपऱ्यात कायम एक खिळा वर आलेला. आमचं तालमीचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली एका लग्नाच्या बोलण्यांसाठी लेव्हली उसन्या गेलेल्या. त्या परत वर आणायच्या होत्या. दोघं दोन टोकांना. पुढच्याची पाठ मागच्याकडे, मागच्याचं तोंड लाकडाआड. जिन्याच्या वळणावर लेव्हल अडकली, की थांबावंच लागतं. तिथे, तिरक्या लेव्हलखाली मान वाकवून उभा असलेला सरपंच पुढच्याला म्हणाला, "मला चार महिने झोपच नाही लागत रे नीट." पुढचा म्हणाला, "डावीकडं घे." मग थोड्या वेळाने, "मला पण. खिळा बघ." लेव्हल सुटली, विषय वर गेला.

मॅडमनी ते ऐकलं. खाली आणखी लेव्हली आहेत का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. नव्हत्या. मग आम्ही आहेत त्याच रोज खाली ठेवायला आणि वर आणायला लागलो. खजिनदारांना याचा हिशोब शेवटपर्यंत लागला नाही.

पुरुष मन मोकळं करत नाहीत असं जे सर्रास म्हटलं जातं, ते मला काही पटत नाही. करतात, पण समोरासमोर बसवून नव्हे, आणि स्वतःच्या नावाने तर मुळीच नव्हे. हातात काहीतरी काम हवं आणि बोलायला दुसऱ्याचं नाव हवं. हे दुसऱ्याचं नाव आमच्याकडे तिसऱ्या तालमीला हजर झालं. "सर, माझा एक मित्र आहे," असं म्हणत पॉइंट फाइव्ह उठला. मित्राला म्हणे अभ्यासिकेत पुस्तक उघडलं की तेच पान दिसत राहतं. लगेच सरपंचालाही एक मित्र आठवला. तो दिवाळीला गावी जात नाही, कारण पारावर बसलेले लोक 'काय साहेब, निकाल कधी?' विचारतात. पैलवानाच्या मित्राला जेवण जात नव्हतं. एकाच्या मित्राची मैत्रीण तहसीलदार होऊन निघून गेली होती, आणि मित्राने अभिनंदनाचा मेसेज लिहून तो अजून पाठवलेला नव्हता.

पुढे लक्षात आलं, की सगळ्यांचा मिळून हा एकच मित्र आहे. त्याचं चरित्र इतकं तपशिलात तयार झालं, की त्याचं आधार कार्ड काढायचं तेवढं राहिलं. नाटकाचा नायक मिळाला. आता ही भूमिका कुणी करायची? कुणीच तयार होईना. लोकांना वाटेल माझंच आहे. शेवटी काळी सॅक कामाला आली. एका बाजूला पाण्याची बाटली, दुसऱ्या बाजूला चार्जरची लोंबणारी वायर अशी अभ्यासिकेत शंभर मिळतील त्यातली एक. ती ज्याच्या पाठीवर, तो त्या प्रसंगापुरता मित्र. प्रसंग संपला की सॅक उतरवायची, पुढच्याला द्यायची आणि आपण मोकळे. अभिनयाचं एवढं सोपं तंत्र कुठल्या पुस्तकात नसेल, पण ती सॅक चढवल्यावर या मुलांनी जे केलं, ते मी सांगून सांगूनही स्पर्धांमधल्या बक्षीसपात्र नटांना जमलेलं नाही.

सगळ्यात जमलेला प्रवेश फोनचा. रात्री आठच्या सुमारास वडिलांचा फोन येतो, एवढंच मी सांगितलं होतं. आणि काय सांगू, एकेकाने बाप काय उभे केले! सरपंचाचा बाप फोनवर इतका मोठ्याने बोलायचा, की मध्ये फोन नसता तरी पुण्यात ऐकू आलं असतं. पॉइंट फाइव्हचा बाप फक्त पावसाबद्दल बोलायचा: पडला, नाही पडला, पडायला पाहिजे होता. तिसऱ्याचा बाप दोन वाक्यांत घामाघूम होऊन 'घे, आईशी बोल' म्हणायचा. आणि पैलवानाने केला तो असा:

"जेवलास का?"

"हो."

"पैसे आहेत का?"

"आहेत."

"अभ्यास?"

"चालू आहे."

"बरं. ठेवतो."

ठेवतो म्हणायचा, पण ठेवायचा नाही. दोन्हीकडे फोन कानालाच. पैलवान अंगठ्याने दुसऱ्या हाताच्या तळव्यावरचं काहीतरी खरवडत बसायचा, शेतातलं काम करून आलेला माणूस बसतो तसा, आणि मग बटण न सापडल्यासारखा फोन डोळ्यांसमोर धरून बघायचा. त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं. सगळी मुलं बाप उत्तम करत होती. मुलगा कुणालाच जमत नव्हता. मुलाच्या वाट्याला तीन उत्तरं, 'हो', 'आहेत' आणि 'चालू आहे', आणि तिन्ही खोटी.

एवढ्यावर शेवटाचा प्रश्न आला. आपल्याकडच्या एकांकिकांत निराश तरुण दिसला की शेवट ठरलेला असतो: लाल प्रकाश, बासरी, चिठ्ठीचं वाचन, काळोख, टाळ्या. मुलांनी तेवढं सगळं मनात बसवून ठेवलं होतं. मॅडमनी वही उघडली आणि एकेक हत्यार जप्त केलं. मार्ग दाखवायचा नाही. चिठ्ठी वाचायची नाही. 'सुटला बिचारा' छापाचं वाक्य नाही. एकच कारण होतं आणि म्हणून असं झालं, असंही नाही. रंगमंच आणि पडदा यांसाठी काम करणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या गोष्टी लिहून दिल्यात म्हणाल्या.

"मग नाटक संपवायचं कसं?" सरपंच हवालदिल झाला. "बासरी तरी राहू द्या."

बासरी मिळाली. पण तिच्याबरोबर मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. गटेच्या कादंबरीतला तरुण व्हेर्थर प्रेमभंगाने स्वतःला संपवतो. १७७४ साली पुस्तक आलं आणि वाचणारी पोरं त्याचं अनुकरण करू लागल्याचा एवढा बोभाटा झाला, की लाइपझिग शहराने पुस्तकावर आणि व्हेर्थरसारख्या पोशाखावरही बंदी घातली. अशा अनुकरणाला संशोधक आजही व्हेर्थरचंच नाव देतात. उलटं नाव मोत्सार्टच्या १७९१ सालच्या ऑपेरातल्या पापागेनोचं. हाही बिचारा प्रेमात हरलेला, जीव द्यायला निघालेला. तेवढ्यात तीन मुलं येतात आणि म्हणतात, अरे, तुझ्याकडची ती घंटी वाजव की! तो वाजवतो आणि वाचतो. संकटातून माणूस कसा बाहेर आला हे दाखवणाऱ्या गोष्टींचा उपयोग होतो, असं व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० साली मांडलं, तेव्हा नाव दिलं पापागेनोचंच.

"तीन मुलं म्हणजे रूम पार्टनर," पैलवान म्हणाला. त्याच्या दृष्टीने ऑपेरा समजला होता.

मला आपला 'एकच प्याला' आठवत राहिला. १९१९ सालचं नाटक. हुशार तरुण वकील सुधाकर, मुन्सफाशी खटका उडतो, सनद रद्द, अपमान. घरात साध्वी बायको, देवमाणूस मेहुणा, सगळे सद्गुणी. पण तेव्हा सुधाकराजवळ बसून 'काय होतंय' याची दखल कोण घेतं? तळीराम. त्याच्याकडे औषध म्हणून प्याला होता हे दुर्दैव. बाकी आर्यमदिरामंडळाची शिस्त बघा: ठरलेली जागा, ठरलेली माणसं, कुणी कुणाला उपदेश करत नाही. मॅडम महिनाभर जे जमवू पाहत होत्या ते गडकऱ्यांच्या तळीरामाने एका अंकात जमवलं होतं. चहाऐवजी दारू, एवढाच फरक. अर्थात मराठी रंगभूमीला डॉक्टरांची वाण कधीच नव्हती: घसा तपासणारे डॉ. लागू, दात काढणारे डॉ. घाणेकर, आणि मन तपासून झाल्यावर नाना फडणवीस होणारे डॉ. आगाशे. रोगी तेवढे प्रेक्षकांत बसून आपल्याला काही झालेलं नाही असं मानत आले.

शेवट प्रेक्षकांनीच करावा असं मग ठरलं. ही युक्ती ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची. लष्करी राजवटीने १९७१ मध्ये पकडून छळ केलेला हा नाटककार. त्याच्या नाटकात अन्याय होताना बघणारा प्रेक्षक 'थांबा' म्हणून उठतो, नटाच्या जागी जातो आणि वेगळं वागून दाखवतो. बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या 'जन संस्कृति'ची मंडळी गावोगाव हे करताहेत. बोआल पुढे पॅरिसला गेला. तिथले लोक लष्कराऐवजी एकटेपणाची तक्रार करत, आणि शिपाई कुठे दिसेना. तेव्हा तो म्हणाला, इथला पोलीस डोक्यात बसलाय. मी हे रंगात येऊन सांगत होतो. 'तुमच्याही डोक्यात एक पोलीस आहे' असं म्हटल्यावर पोरं एकदम ताठ झाली.

"पीएसआय की कॉन्स्टेबल, सर?"

"आमच्या डोक्यात पाचवीपासून तोच आहे," पैलवान म्हणाला. "छातीत एक सेंटिमीटर कमी पडला."

प्रयोग एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सभागृहात झाला. आधी जसाच्या तसा केला आणि नंतर पुन्हा पहिल्यापासून: कुणालाही 'थांबा' म्हणता येईल, मित्राची सॅक घ्यायची, आपल्याला सुचेल तसं वागायचं. प्रेक्षक जागचे हलणार नाहीत अशी मला धास्ती होती. ती फुकट गेली. 'थांबा!' म्हणत पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ लगोलग वर आले. सॅक त्यांनी घेतली, पण पाठीवर न घेता पायाने बाजूला सारली आणि माइक मागितला. "मित्रहो, आमच्या काळी..." त्यांना उतरवताना संस्थेने शाल दिली. दुसऱ्याने पहाटे पाचला उठण्याचे फायदे सांगितले. तिसऱ्याने स्टेजवर सूर्यनमस्कार घातले, आणि ते चांगले घातले हे मान्य केलं पाहिजे. बोआलने माणसाला प्रेक्षकातून नट केलं. मराठी माणूस मधली पायरी गाळून थेट प्रमुख पाहुणा होतो. मुलाच्या जागी कुणालाच जायचं नव्हतं. सगळ्यांना बाप व्हायचं होतं.

मग मागच्या दारापाशी उभा असलेला एक पोरगा आला. बारीक, हातात हेल्मेट. हेल्मेट कुठे ठेवावं कळेना म्हणून ते त्याने लेव्हलवर ठेवलं, सॅक दोन्ही खांद्यांवर नीट चढवली, पट्टा ओढून घेतला. फोन वाजला.

"जेवलास का?" पैलवान.

"नाही."

बास, एवढंच. इतक्या तालमींत या प्रश्नाला 'हो' सोडून दुसरं उत्तर कधी आलंच नव्हतं. पैलवानाने फोन कानापासून काढून बघितला. विंगेत सरपंच मला कोपराने ढोसत होता.

"मग... जेव की," पैलवान म्हणाला. सभागृह हसलं.

"जात नाही," पोरगा म्हणाला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

पैलवानाचा अंगठा तळव्यावर थांबला. "मी येऊ का?" त्याने विचारलं. "सकाळची एसटी आहे." पोरगा म्हणाला, "रिझर्व्हेशन करून या." पुन्हा हशा, पण तो पहिल्यासारखा नव्हता. पुढे ते दोघं बराच वेळ बोलले. सीताफळाबद्दल, हप्त्याबद्दल, आणि यंदा नाही झालं तर काय याबद्दल. मॅडम वही बंद करून बसल्या होत्या. प्रयोगानंतर त्यांनी त्या पोराला गाठलं आणि त्याला चहाला घेऊन गेल्या.

विंगेत पैलवान माझ्यावर उखडला होता. "सर, तो टेक्स्टच्या बाहेर गेला!" संहिता नसलेल्या नाटकात!

अहवालाच्या बैठकीत देणगीदारांच्या फॉर्ममध्ये 'किती लाभार्थी बरे झाले' असा रकाना निघाला. मॅडमनी विचारलं, "आजारी कोण होतं?" खजिनदारांनी तिथे रेघ मारली. सेन्सॉरला दिलेल्या संहितेत फोनच्या प्रवेशाला 'हो' असंच उत्तर होतं, हे कार्यवाहांनी कुजबुजत सांगितलं, आणि आम्ही कुणी ऐकलं नाही.

राहिला घोळ प्रमाणपत्रांचा. त्यावर सुंदर अक्षरात 'तरुण पुरुषांच्या मानसिक आरोग्यविषयक नाट्यप्रकल्पात सहभाग' छापलेलं. पोरांचे चेहरे उतरले. सरपंच म्हणाला, "घरचे हे फ्रेम करून लावणार. सोयरीक बघायला आलेली माणसं आधी भिंतीकडं बघतात. 'व्यक्तिमत्त्व विकास' टाका." पैलवानाला 'व्यायाम' चाललं असतं. पॉइंट फाइव्ह म्हणाला, मला असंच राहू द्या, मुलाखतीत विचारलं तर बोलता येईल. त्यावर 'आधी प्री काढ' असा तिन्ही बाजूंनी ओरडा झाला. बराच वाद झाला. शेवटी सरपंचाने तोड काढली: "असं करा सर, सहभागी म्हणून नाव आमचं राहू द्या. मानसिक आरोग्य तेवढं मित्राच्या नावावर टाका."

खजिनदारांनी पेनचं टोपण काढलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मित्राचं पूर्ण नाव?"